बैल वळले नाहीत तो कोपरा

"पंख्याला हात लावशील तर बघ," आत्याबाई म्हणाल्या.

जयवंतचा हात बटणापासून चार बोटांवर थांबला. एप्रिलची दुपार, बनियन पाठीला चिकटलेला. वर पंखा होता, चांगला चालू स्थितीतला, आणि त्याच्या दांडीला दोडक्याच्या वेलानं दोन वेढे घातले होते.

"आई, जीव चाललाय उकाड्यानं."

"मग भाईर जाऊन बस. झाडाखाली गार वारं असतं."

"मी माझ्या घरात पंखा लावायचा नाही?"

"वेल चढतोय तवर न्हाई. कळी धरलीया त्यानं. आता पातं फिरलं तर समदं तुटंल."

जयवंतनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटातली आमटी भातात कालवत राहिले. मायलेकरांच्या भांडणात पडायचं नाही, एवढी अक्कल मला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच आली होती. शेवटी त्यानं वर्तमानपत्राची घडी केली आणि तिनंच वारा घेत जेवला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सातारा भागात सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. मामंजी गेल्यावर जयवंत त्यांना गावाहून आमच्याकडे घेऊन आला. आम्ही तेव्हा कृष्णाकाठच्या एका कागद कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. इमारत चार, दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. गॅलरी नाही. आत्याबाईंनी आल्या दिवशी सगळं घर फिरून पाहिलं आणि विचारलं, "परडं कुठं हाय?"

परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा. ती नाही म्हटल्यावर त्या चार दिवस गप्प होत्या. पाचव्या दिवशी मी अंघोळीला गेले तर बादलीत माती.

"आत्याबाई, बादली..."

"तिला हात लावू नगं, अळूचा गड्डा लावलाय. तू तपेल्यातनं घे."

तिथून जी सुरुवात झाली ती झालीच. डालड्याच्या डब्यांत मिरच्या आल्या. गळक्या पातेल्यात माठाची भाजी आली. जुन्या ट्रंकेच्या झाकणात कोथिंबीर आणि टेबलाखाली सिमेंटच्या पोत्यात सुरण. पूर्वेच्या खिडकीत उजेड चांगला येई म्हणून तिथं दोडका, आणि त्याला चढायला खिडकीच्या गजापासून पंख्यापर्यंत सुतळी. कुणी पाहुणा आला की आधी खुर्चीवरचं झाड खाली उतरवायचं आणि मग पाहुण्याला वर बसवायचं. खालच्या मजल्यावरच्या देवस्थळीकाकू महिन्यातून एकदा छताला ओल आली म्हणून तणतणत वर येत आणि पदरात कोथिंबीर घेऊन खाली जात.

बियाणं आत्याबाईंनी गावाहून गाठोडं बांधून आणलं होतं. त्यांचा पुड्यांचा एक डबाच होता. जुना कागद दिसला की चष्मा लावून तो आधी अक्षर अन् अक्षर वाचायच्या, चपलांच्या जाहिरातीपासून निधनवार्तेपर्यंत, आणि मग त्याची पुडी करायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर ऋषीपंचमीसाठी. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगराखालचं धान्य नाही, नांगराखालची भाजी नाही. जे माणसाच्या हातानं उकरून लावलं, तेवढंच खायचं. आत्याबाई हे फार मनापासून पाळायच्या.

"वरीसभर त्याच्या मानेवर खातो की आपन," त्या म्हणायच्या. "एक दिवस त्याला मोकळं सोडायचं, येवढंच हाय त्ये."

बाजारात त्या दिवसांत 'ऋषीची भाजी' म्हणून जुड्या मिळायच्या. पहिल्या वर्षी देवस्थळीकाकू तसली एक जुडी घेऊन आमच्याकडे दाखवायला आल्या.

"खात्रीची आहे हं सोनूबाई. मी भाजीवाल्याला खोदून विचारलं. बैलाचा संबंध नाही म्हणाला. ट्रॅक्टरनं नांगरलंय."

"मग पंचमी कुनाची केली? टॅक्टरची?"

"शास्त्रात बैलच म्हटलंय. ट्रॅक्टरबद्दल काही नाही."

"टॅक्टर नव्हता वो तवा," आत्याबाई म्हणाल्या, आणि बादलीतल्या अळूची दोन पानं कापायला न्हाणीघरात गेल्या. त्या दिवशी त्यांचं जेवण म्हणजे अळूची दोन पानं, पाच मिरच्या आणि एक वाटी दही. एवढ्या घरात, एवढ्या डब्यांत, त्यांच्या एका जेवणापुरतं काही पिकत नव्हतं. त्यांना जमीन हवी होती. चार हात का होईना.

आणि वसाहतीत ती होती. पाण्याच्या उंच टाकीमागं कारखान्याची पडीक जागा होती. तिथं कल्याण कार्यालयानं परसबाग योजना काढली. बारा वाफे, एकेका वर्षासाठी, राहणाऱ्यांना वाटायचे. अक्षय्य तृतीयेच्या आधी अर्ज घ्यायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्याकडची आखिती. त्या दिवशी वेलांसाठी आळी करायची, बी टोचायचं. आत्याबाईंना हा मुहूर्त फार पसंत पडला. जयवंतनं दर वर्षी अर्ज आणला, मी माझ्या बरं असलेल्या अक्षरात तो भरला आणि कार्यालयात द्यायला माझ्याचकडे ठेवला. दोन वर्षं आमचं नाव लागलं नाही.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे पंखा बंद होता त्या एप्रिलमध्ये, गावाहून धाकट्या दिरांचं, सर्जाभावजींचं, पत्र आलं. परड्यात झुडपं माजलीत, आई असती तर बरं झालं असतं, असं काहीसं. आत्याबाईंनी ते दोनदा वाचलं. त्याची पुडी केली नाही. घडी घालून चोळीत ठेवलं.

"यंदा वाफा लागला तर मी हितं," त्या शांतपणे म्हणाल्या. "न्हाई लागला तर आखितीच्या दुसऱ्या दिवशी सर्जाकडं जाते. माती न्हाई तितं मला आता करमत न्हाई. रागानं म्हनत न्हाई बघ."

रागानं म्हणाल्या असत्या तर मी समजूत घातली असती. शांतपणे म्हणाल्या म्हणजे त्या जाणार होत्या. आणि त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं.

आधी असं नव्हतं, हे कबूल करते. पहिली दीड वर्षं मला ही बाई घरात नको होती. माझ्या नव्या संसाराची त्यांनी रोपवाटिका करून टाकली होती. पण मागच्या जूनमध्ये वसाहतीच्या बालवाडीत बाईंची जागा निघाली. माझं डी.एड. झालेलं, नोकरीची इच्छा तर किती! जयवंत म्हणाला, "घरी आई एकटी, स्वयंपाकाचं कसं..." त्याचं वाक्य पुरं होण्याआधी आत्याबाई म्हणाल्या, "स्वैपाक मला येत न्हाई का रं? आत्ता पोतूर तुला कुनी घातलं खायला? जा गं पोरी तू."

मग पावसाळ्यात एक दिवस संध्याकाळी मी शाळेतून आले, तर आत्याबाईंना ताप होता. अंथरुणातूनच म्हणाल्या, "हेमा, दोडक्याचं लगीन ऱ्हायलंय."

घरात मधमाशी येत नाही. म्हणून नराचं फूल खुडायचं आणि मादीच्या फुलाला हलकेच टेकवायचं. हे काम त्या रोज दिवेलागणीला स्वतः करायच्या, कारण दोडका संध्याकाळीच फुलतो. त्या दिवशी ते मी केलं. स्टुलावर चढून, जीभ दातात धरून.

"ज्या फुलाच्या मागं बारीक दोडका हाय ती नवरी. हळू. दाबू नगं. झालं का?"

"झालं वाटतं."

"वाटतं म्हनू नगं. झालं म्हन."

आठ दिवसांनी त्या फुलामागचा दोडका करंगळीएवढा झाला, मग वीतभर. आत्याबाईंनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं की हा हेमानं लावलेला. माझ्या आईनंही माझं कधी इतकं कौतुक केलं नव्हतं. त्या दोडक्याची भाजी जेवताना मला कळलं की ही बाई माझी झाली आहे. आता तिला कुठं पाठवायचं नाही.

चिठ्ठ्यांचा दिवस रविवार होता. वसाहतीच्या हॉलमध्ये सतरंज्या घातलेल्या, समोर टेबलावर पितळी तांब्या. कल्याण अधिकारी खटावकर साहेब उभे राहिले. मोठा नियमाचा माणूस. चहात साखर किती, हेसुद्धा ते लिहून घेत असावेत.

"यंदापासून एक नवा नियम केलाय," ते म्हणाले. "ज्यांनी मागची दोन वर्षं अर्ज केला आणि ज्यांना वाफा मिळाला नाही, त्यांना यंदा चिठ्ठीशिवाय थेट वाफा मिळेल. असे चार अर्जदार आहेत."

जयवंतनं आईच्या गुडघ्यावर थाप मारली. "लागला! आई, लागला!"

साहेबांनी पहिलं नाव वाचलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला जयवंत अर्धा उठून उभाच राहिला होता. चौथं नाव कुलकर्ण्यांचं निघालं.

"साहेब, साळुंखे राहिलं," तो म्हणाला. "इमारत चार. आमचं तिसरं वर्ष आहे."

खटावकरांनी वही उघडली. पानं मागं उलटली, पुन्हा पुढं उलटली. "साळुंखे, तुमचा अर्ज यंदाचाच आहे. मागची दोन्ही वर्षं तुमचं नाव नाही."

"असं कसं होईल? माझ्या बायकोनं स्वतः आणून दिलेत."

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. तेवढ्यात आत्याबाईंनी जयवंतचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं.

"बस खाली. सायबाचं दप्तर कशाला खोटं बोलंल? अजून चिठ्ठ्या हाईत की."

आठ चिठ्ठ्या निघाल्या. आठवी देवस्थळीकाकूंची. त्यांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या, मग आमच्याकडं बघून थांबवल्या. आत्याबाई उठल्या, पदर सारखा केला आणि घराकडं चालू लागल्या.

आता सांगून टाकते. ते दोन्ही अर्ज मी दिलेच नव्हते. पहिल्या वर्षी माझा साधा हिशोब होता. वाफा मिळाला की आत्याबाई इथं रुजतील, नाही मिळाला तर कंटाळून गावी जातील. पहिला अर्ज मी फळीवरच्या वर्तमानपत्राखाली सारला आणि दुसरा माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीत. पुन्हा कधी उघडून पाहिलं नाही. लपवलेली वस्तू बघायलाही धीर लागतो आणि तो मला नव्हता. यंदाचा अर्ज मात्र मी पहिल्याच दिवशी धावत जाऊन दिला होता. आधीचे दोन दिले असते तर आज त्यांचा वाफा चालत घरी आला असता.

जयवंतला काय, त्यानं सगळा दोष कार्यालयातल्या सपकाळ कारकुनावर टाकला. "त्या सपकाळनं कुठंतरी फायलीत कोंबलं असणार. तोंडावरूनच कळतं माणसाचं." सोमवारी कारखान्याच्या दारात सपकाळांनी नमस्कार केला, तर यानं मान फिरवली. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसले. मनातल्या मनात सपकाळांची माफी मागितली, पण त्यांना त्याचा काय उपयोग!

त्याच सोमवारी बालवाडी सकाळची होती. अकराला घरी आले. दार उघडलं आणि अंगावर गार वारा आला.

पंखा फिरत होता.

आत्याबाईंनी वेल दांडीवरून सोडवला होता. एक पानही न तोडता, वेढा वेढा उलगडून खिडकीच्या गजाला गुंडाळला होता. खाली त्यांची ट्रंक उघडी, दोन लुगडी आत, पुड्यांचा डबा वर.

"झालं गार तुझं घर," त्या हसून म्हणाल्या. "बेस्तरवारी दहाची यष्टी हाय. तवर ह्यो दोडका खिडकीत ऱ्हाईल. पानी तेवढं घालत जा. आन् दिवेलागणीला इसरू नगं."

त्या वाऱ्यात बसून मला रडू आलं. उकाड्यानं डोळे चुरचुरतात म्हणाले. पंखा डोक्यावर फिरत असताना!

मंगळवारी बालवाडीतून परत येताना मी मुद्दाम टाकीकडून आले. वाफे नांगरणं चालू होतं. कारखान्याचा ट्रॅक्टर दुसरीकडं अडकला म्हणून साहेबांनी जवळच्या गावातनं बैलजोडी आणवली होती. तातोबा नावाचा एक म्हातारा नांगर धरून होता. कडेला देवस्थळीकाकू छत्री घेऊन उभ्या. त्यांचा बारावा वाफा नुकताच झाला होता आणि चेहरा पार पडला होता.

"बैल आणले गं हेमलता! मी म्हटलं ट्रॅक्टर येईल. आता इथलं मला ऋषीच्या दिवशी कसं चालायचं?"

मी उत्तर देणार होते, पण माझं लक्ष कोपऱ्याकडं गेलं. टाकीचा एक खांब आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक तिकोनी तुकडा सुटला होता. तिथपर्यंत सगळं काळंभोर उलटलेलं, आणि तिथं मात्र जुनं वाळकं गवत जसंच्या तसं उभं.

"तातोबा, ते राहिलं का?"

"ऱ्हायलं न्हाई, सोडलं. बैल वळत न्हाईत तितं. खांब आडवा येतोय, जू अडकतंय. तीनदा बघितलं. सायेब म्हनले सोडा, बारा वाफं झालं."

"एकदाही नांगर लागला नाही?"

"कसा लागंल? बैलच गेलं न्हाईत आत."

मी तिथून जी निघाले ती थेट कल्याण कार्यालयात. पायात चपला होत्या की नाही, देव जाणे.

"वहिनी, तिथं गवतसुद्धा धड येत नाही," खटावकर म्हणाले. "दगड आहेत. तो वाफ्यात धरलेलाच नाही."

"म्हणूनच मागतेय. कुणाचा नाही ना?"

"कुणाचा नाही. द्यायला माझी हरकत नाही." त्यांनी खण उघडला. "पण अर्ज लागेल."

तोच अर्ज. आमच्याच कारखान्याचा पिवळसर, जाडजूड कागद. मी तो उभ्या उभ्या भरला. सपकाळांच्या टेबलावर ठेवला आणि तिथून हलले नाही.

"शिक्का मारा. आणि पोच द्या."

सपकाळ बिचारे कसनुसे हसले. "यावेळी पोच घ्याच वहिनी. तुमचे यजमान तर म्हणतात की मीच..."

"तुमची काही चूक नाही. ते दोन अर्ज मी दिलेच नव्हते."

त्यांचा शिक्क्याचा हात वरच राहिला. मग त्यांनी एकाऐवजी दोन शिक्के मारले. "हे जरा यजमानांच्याही कानावर घाला," ते म्हणाले. "निदान नमस्कार तरी घेतील माझा."

घरी आत्याबाई ट्रंकेला दोरी बांधत होत्या. मी पोच त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचली, शिक्के दोनदा.

"कोपरा? कसला कोपरा?"

"टाकीखालचा. दगड आहेत, लहान आहे. पण आत्याबाई, तिथं बैल वळले नाहीत."

त्यांच्या हातातली दोरी सुटली. "नांगर लागला न्हाई?"

"नाही."

"नक्की? का तुला वाटतं?"

"वाटत नाही. नाहीच लागला."

त्या तशाच उठल्या. ऊन मी म्हणत होतं, डोक्यावर पदर घेऊन भराभरा जिना उतरल्या, मी मागं. कोपऱ्यात पोचल्यावर मात्र एकदम सावकाश झाल्या. वाकून, कमरेवर हात ठेवून, वीत वीत जमीन बघितली. एका कडेला थांबल्या.

"हितं खूर हाय."

"अहो, कडेला पाय पडला असेल एखादा."

"पडला म्हंजी पडला." त्यांनी पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली. "ही त्येची हद्द. हितनं अलीकडं आपलं."

देवस्थळीकाकू आपल्या नांगरलेल्या वाफ्यातून हे सगळं बघत होत्या. त्यांना राहवेना. "सोनूबाई, एवढ्याशा जागेत काय येणार हो?"

"दोन बायकांच्या जेवनापुरतं येतंय," आत्याबाई म्हणाल्या. "पंचमीला माझ्याकडं या. टॅक्टरचं नगं का बैलाचं नगं."

काकूंनी छत्री मिटली. "मी पाणी आणून देत जाईन," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नळी आहे लांब."

दुसऱ्या दिवशी आखिती. सकाळी सहाला आम्ही तिघं तिथं. जयवंतनं कुठून तरी टिकाव आणला होता आणि दर पाच मिनिटांनी हाताचे फोड बघत होता. चौदा दगड निघाले. आत्याबाईंनी ते कुंपणाशी ओळीनं मांडले. बैठक मारून खुरप्यानं माती भुसभुशीत केली आणि मुठीत घेऊन वास घेतला. मी दोन वर्षांत त्यांना एवढ्या सुखात कधी पाहिलं नव्हतं. आणि ते सुख मीच दोन वर्षं अडवून ठेवलं होतं. सपकाळांना सांगून झालं होतं. आत्याबाईंना सांगितल्याशिवाय मला आता चैन पडणार नव्हतं.

जयवंत पाणी आणायला गेला, तेव्हा मी धीर केला.

"आत्याबाई, तुम्हाला एक सांगायचंय. मागच्या दोन वर्षांचं."

"आधी बी टाक. ऊन चढतंय." त्यांनी कनवटीची एक पुडी काढून माझ्या हातात दिली. "माठ हाय. चिमटी चिमटीनं सोड. समदं एका जागी वतू नगं."

"पण आधी ऐका तरी."

"बी टाक म्हनलं ना."

मी पुडी उलगडली. आत माठाचं बी, काळं आणि मोहरीहून बारीक. घड्या उलगडताना ते सांडू नये म्हणून मी कागद तळहातावर धरला. पिवळसर, जाडजूड कागद. बियांच्या खाली अक्षरं होती. माझंच बरं असलेलं अक्षर. अर्जदाराचे नाव: जयवंत साळुंखे. इमारत क्रमांक: चार. खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख.

कागद कलला. थोडं बी सांडलं. आत्याबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. मान खाली घालून त्या दोडक्याचं आळं करत होत्या, बोटांनी माती गोलाकार ओढत, एकसारखी दाबत.

"कागद झ्याक काढतो तुमचा कारखाना," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, पर बी बघ कसं कोरडं ठाक ऱ्हायलंय."

त्यांनी आळ्याच्या मधोमध बोट खुपसलं आणि दोडक्याची एक बी त्यात सोडली.

"रडायचं आसंल तर कडंला जाऊन रड, मिठाचं पानी बियाला चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् शालूतल्या कागदात भेंडी हाय. ती उद्या लावू."